खानदेशातील गॅरेज आणि मारुतीचे मॅन्युअल

खानदेशात मोटारदुरुस्तीची कारागिरी मोटारीच्या आधी आली, आणि ती आली कापसाच्या जिनांतून. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–६५) कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्याच दशकात जी.आय.पी. रेल्वेचा लोहमार्ग चाळीसगाव, जळगाव, भुसावळ असा पुढे सरकला. त्यानंतर जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि मागोमाग सूतगिरण्या उभ्या राहिल्या. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल आणि धुळ्याची न्यू प्रताप मिल ही त्यांतली मोठी नावे. वाफेचे इंजिन, छताखालून फिरणारा लांब शाफ्ट, त्यावरचे चामडी पट्टे आणि पितळी बुश हे सगळे चालते ठेवणारा माणूस म्हणजे फिटर. हंगामात जिन एक दिवस बंद पडले तर गाड्याच्या गाड्या कापूस अंगणात पडून राही, म्हणून फिटरचा मान कारकुनाहून मोठा असे. भुसावळला रेल्वेच्या लोको शेडमुळे असे हात शेकड्यांनी तयार झाले. स्वातंत्र्यानंतर भुसावळ (१९४९) आणि वरणगाव (१९६४) इथल्या आयुध निर्माणींनी त्यात भर घातली.

विसाव्या शतकात ही विद्या शेतात उतरली. रावेर-यावल पट्ट्यातल्या केळीला बारमाही पाणी लागते. विहिरीवरचे ऑइल इंजिन एप्रिल-मेमध्ये आठवडाभर बंद राहिले तर बाग हातची जाते. साताऱ्याच्या कूपरची आणि पुढे किर्लोस्करांची इंजिने (किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ सालची) गावोगाव पोचली, तशी सायकलला पान्यांची पिशवी लटकवून विहिरीवर जाणारी मिस्त्री मंडळीही तयार झाली. पिस्टनच्या रिंगा बदलणे, व्हॉल्व्ह घासून बसवणे, नोझल साफ करणे ही कामे त्यांनी मोटारीला हात लावण्यापूर्वीच आत्मसात केली होती.

१९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव, पश्चिमेचे धुळे. या दोन शहरांचा मोटारीशी संबंध वेगवेगळ्या तऱ्हेने जुळला. जळगाव मुंबई-भुसावळ या मुख्य लोहमार्गावर होते. धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून फाटा मिळाला, पण त्याचा खरा कणा म्हणजे मुंबई-आग्रा रस्ता. सुरतेहून नागपूरकडे जाणारा रस्ताही त्याला धुळ्यातच छेदतो. पूर्वीच्या क्रमांकांप्रमाणे हे राष्ट्रीय महामार्ग ३ आणि ६ होत. शिवाय धुळ्याकडे येणाऱ्या वाटांवर घाट आहेत: इंदूरच्या बाजूला बिजासन, सुरतेच्या बाजूला कोंडाईबारी आणि दक्षिणेला चाळीसगाव-कन्नडमधला आउट्रम घाट. भिल्ल पलटण उभारणाऱ्या जेम्स आउट्रमचे नाव आजही त्या घाटाला चिकटलेले आहे. घाट चढून आलेल्या गाडीचा क्लच जळलेला आणि रेडिएटर उकळलेला असे, आणि ती सपाटीवर जिथे टेकली तिथे गॅरेज उभे राहिले. धुळे ट्रकचे आणि जळगाव-भुसावळ लेथचे, अशी ढोबळ विभागणी त्यातून झाली. तिला अपवाद पुष्कळ असले तरी कामाचा कल ओळखायला ती अजूनही उपयोगी पडते.

पहिल्या मोटारी संस्थानिक, कापूस व्यापारी आणि कलेक्टरांच्या होत्या, तेव्हा त्यांची दुरुस्ती हा धंदा म्हणण्याइतका मोठा नव्हता. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली, फोर्डनेही पुढच्या दशकारंभी तेच केले, आणि खासगी सर्व्हिस मोटारी तालुक्यांच्या गावांपर्यंत धावू लागल्या. रस्त्यावरची मोटार सरकारलाही किती सवयीची झाली होती, याचा दाखला स्वातंत्र्यलढ्यात सापडतो: १४ एप्रिल १९४४ रोजी क्रांतिकारकांनी चिमठाण्याजवळ लुटलेला सरकारी खजिना धुळ्याहून नंदुरबारकडे मोटारीनेच चालला होता. महायुद्धात पेट्रोलवर नियंत्रण आले आणि काही गाड्यांच्या पाठीला कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. युद्ध संपल्यावर लष्कराच्या जीप आणि ट्रक लिलावात स्वस्तात निघाले. सुटे भाग मात्र त्यांच्याबरोबर आले नाहीत, म्हणून ते लेथवर घडवावे लागले.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर एसटी सुरू झाली. पुढे एकेक मार्ग तिच्याकडे गेले तशी खासगी सर्व्हिस मोटारवाल्यांच्या कारागिरांपुढे दोन वाटा उरल्या, एसटीची नोकरी किंवा स्वतःचे गॅरेज. धुळे आणि जळगावच्या विभागीय कार्यशाळांनी या भागाला पहिल्यांदा एक गोष्ट दाखवली: गाडी बिघडण्याची वाट न पाहता ठरलेल्या किलोमीटरनंतर ती आत घ्यायची, ग्रीसिंग करायचे, ऑइल बदलायचे आणि तशी नोंद वहीत करायची. बाहेरच्या गॅरेजांत ही पद्धत रुजायला पुढे चाळीस वर्षे लागली.

बाहेरच्या गॅरेजचा उस्ताद कानावर चालत असे. टॅपेटचा टकटकाट, मोठ्या एंडचा ठोका, डिफरन्शिअलची हूल हे सगळे तो गाडी दारात येईपर्यंत ओळखून मोकळा होई. त्याच्या हाताखालचा पोऱ्या आठ-दहा वर्षांचा असताना येई. आधी चहा आणायचा, मग पार्ट रॉकेलने धुवायचे, मग ‘बारा-तेराचा पाना’ म्हटले की नेमका तोच पाना पुढे करायचा. नटाला हात लावायची पाळी दोन-तीन वर्षांनी येई. शिकण्याला वही नव्हती, फी नव्हती, प्रमाणपत्रही नव्हते. लोहार-पांचाळ घरांतली मुले आणि मुस्लिम कारागीर यांचा या धंद्यात मोठा भरणा झाला, आणि गॅरेजची बोली अहिराणी, मराठी आणि हिंदी यांची मिसळ झाली. पन्नाशीच्या दशकात औद्योगिक प्रशिक्षण संस्था निघाल्या. तिथे मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एका वर्षाचा होता. पण आयटीआयच्या मुलाचा ओढा एसटी, रेल्वे आणि निर्माणीकडे असे. गॅरेज शाळा सोडलेल्या मुलांवरच चालले, आणि बालमजुरीचा हा भाग त्या काळच्या कौतुकात सहसा सांगितला जात नाही.

छोट्या मोटारीची कथा फियाटपासून सुरू होते. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जोडत असे, पुढे तिथे फियाट ११०० बनू लागली. सत्तरीच्या दशकात तिचे नाव प्रीमियर पद्मिनी झाले आणि २००० च्या आसपास तिचे उत्पादन थांबले. डॉक्टर, वकील, अडते आणि केळीचे बागाईतदार यांच्या दारात हीच गाडी उभी असे. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्बोरेटर सोलेक्सचा, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. बॅटरी बसली तर पुढून हँडल मारून ती सुरू करता येई. तिची रचना उघडी आणि समजायला सोपी होती, म्हणून ऑइल इंजिनवर तयार झालेल्या मिस्त्रीला ती परकी वाटली नाही. ॲम्बेसेडरला इंची पाने लागत आणि फियाटला मिलिमीटरचे, एवढाच काय तो फरक.

खानदेशचा उन्हाळा मात्र तिला सोसत नसे. जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो. फियाटचा पेट्रोलपंप इंजिनाच्याच अंगाला असल्याने भर दुपारी पंपात आणि नळीत पेट्रोलची वाफ होई आणि गाडी रस्त्यात मान टाकी. उपाय सगळ्यांना ठाऊक होता: पंपावर ओले फडके गुंडाळायचे आणि बाभळीच्या सावलीत अर्धा तास थांबायचे. विहिरीच्या जड पाण्याने रेडिएटरच्या नळ्यांत क्षाराचे थर साचत. मग पाणी उकळे, हेडची गॅस्केट उडे आणि ॲल्युमिनियमचे हेड वाकडे होई. हेड उतरवणे हे उन्हाळ्यातले ठरलेले काम होते. त्यासाठी कोणी पुस्तक उघडत नसे. कंपनीची मॅन्युअले होती, पण ती विक्रेत्यांच्या कपाटांत.

१४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती पडली. सरकारच्या मारुती उद्योग कंपनीने जपानच्या सुझुकीबरोबर काढलेली ही गाडी धुळे-जळगावच्या गॅरेजांत आली तेव्हा तिच्यात ओळखीचे फारसे काही नव्हते. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन आडवे बसवलेले, ओढणारी चाके पुढची, हँडल मारायची सोय नाही. प्रॉपेलर शाफ्ट आणि त्याचे क्रॉस गेले, त्यांच्या जागी रबरी बूट चढवलेले दोन ड्राइव्ह शाफ्ट आले. बूट फाटला की ग्रीस बाहेर आणि धूळ आत, आणि वळणावर चाकाशी कटकट सुरू. नटसुद्धा वेगळे होते. फियाटचा नेहमीचा नट १३ चा. जपानी गाडीत १२ आणि १४. पेटीतले अर्धे पाने बाजूला पडले.

सगळ्यात मोठा बदल टायमिंग बेल्टचा होता. फियाटची टायमिंग चेन ढिली झाली की खडखडते. ती महिनोन्‌महिने कुरकुरते, उस्तादाला ऐकू येते आणि तो मालकाला सांगतो. रबरी पट्टा आवाज करत नाही. तो शेवटच्या दिवसापर्यंत गप्प फिरतो आणि एक दिवस तुटतो. तो कधी बदलायचा हे ठरवायला कान उपयोगाचे नव्हते. मीटरवरचे किलोमीटर आणि मॅन्युअलमधला तक्ता, एवढाच आधार होता. खानदेशातल्या दुरुस्तीला पुस्तकाची गरज पडली ती इथे.

मॅन्युअल इंग्रजीत होते. विक्रेत्याच्या वर्कशॉपमधले मेकॅनिक कंपनीच्या प्रशिक्षणाला जाऊन आलेले असत. त्यांतलाच एखादा नोकरी सोडून स्वतःचे गॅरेज टाकी आणि येताना झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन येई. असे गठ्ठे ऑइलच्या बोटांनी काळे होत एका गॅरेजमधून दुसऱ्यात फिरत. बऱ्याच मिस्त्रींना इंग्रजी वाचता येत नसे, पण मॅन्युअलचा मोठा भाग आकृत्यांचा असतो: भाग सुटा करून हवेत मांडल्यासारखे काढलेले चित्र, बाण, आणि शेजारी आकडा. आकडा सगळ्यांना वाचता येई. सुरुवातीला देखभालीचा तक्ता, मग बिघाड आणि त्याच्या संभाव्य कारणांचे कोष्टक, त्यानंतर इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, ब्रेक, वायरिंग असे एकेक प्रकरण आणि शेवटी खास हत्यारांची यादी, ज्यांचे नंबर ०९९ ने सुरू होतात. वायरिंगचा नकाशा बहुतेकांनी वेगळा काढून भिंतीवर चिकटवला, कारण मारुतीचे इलेक्ट्रिकल काम फियाटपेक्षा बरेच गुंतागुंतीचे होते.

टॅपेट सेट करणे हे काम कानाचे आणि पुस्तकाचे भांडण नीट दाखवते. जुना मिस्त्री इंजिन चालू ठेवून टकटक थांबेपर्यंत स्क्रू आवळी. मॅन्युअलची रीत अशी: व्हॉल्व्हचे झाकण काढायचे आणि ज्या सिलिंडरचे काम आहे त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनच्या फेरीत वर आणायचा. लॉकनट ढिला करून स्क्रूचे टोक आणि व्हॉल्व्हची दांडी यांच्या फटीत फीलर गेजची पात सरकवायची. पात ओढताना किंचित धरल्यासारखी लागली पाहिजे. मग स्क्रू जागच्या जागी धरून नट आवळायचा आणि पात पुन्हा घालून पाहायची, कारण नट आवळताना फट हलते. पुन्हा पाहण्याची ही पायरीच घाईत सुटते. एका सिलिंडरचे झाले की क्रँक २४० अंश फिरवून पुढचा. इग्निशनचा क्रम १-३-२. फट थंड इंजिनात साधारण ०.१५ मिलिमीटर आणि गरम इंजिनात ०.२५ च्या आसपास. आवाज अजिबात येऊ नये म्हणून फट कमी ठेवली तर इंजिन छान गप्प चालते, पण गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, गळतो आणि जळतो. म्हणजे कानाला गोड वाटणारे इंजिन आतून बिघडत असते, आणि थोडा टकटकाट हे दुखणे नसून हिशोबातली फट असते. हे मालकाला पटवणे मिस्त्रीला जड जाई.

यातली एक गंमत स्थानिक आहे. सुझुकीच्या मॅन्युअलमधले ‘थंड’ म्हणजे पाण्याचे तापमान १५ ते २५ अंश. जळगावात मे महिन्यात पहाटेची हवासुद्धा त्याहून गरम असते. पुस्तकाप्रमाणे थंड इंजिन त्या महिन्यात मिळतच नाही. जाणते मिस्त्री अशा वेळी इंजिन नीट गरम करून गरम इंजिनाचा आकडा वापरत. मॅन्युअलमध्ये धुळीच्या रस्त्यांसाठी आणि कष्टाच्या वापरासाठी देखभालीचा वेगळा तक्ता असतो. त्यात एअर फिल्टर आणि ऑइल लवकर बदलायला सांगितलेले असते. खानदेशातली जवळजवळ प्रत्येक गाडी त्या तक्त्यात बसते. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेतला नेहमीचा तक्ता वाचून मालक निश्चिंत राहत, आणि वाद तिथून सुरू होत.

पुस्तकाचे सगळेच मानले गेले असे नाही, आणि मानायला हवे होते असेही नाही. मॅन्युअल भाग बदलायला सांगते. लेथवर वाढलेल्या माणसाला तो घडवता येतो. हेडचेच पाहा. वाकडे हेड सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून तपासायचे, मर्यादा ०.०५ मिलिमीटर. ही तपासणी गॅरेजांनी मनापासून उचलली, कारण उन्हाळ्यात दर आठवड्याला हेड उतरे. मर्यादेबाहेर गेलेले हेड मात्र फेकले जात नसे. ते फेसिंगला जाई, आणि एकाच हेडचे दोनदा फेसिंग होणे नवलाचे नव्हते. सिलिंडर घासला की रिबोर करून ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर मोठा पिस्टन घालायचा, हे पुस्तकातही होते आणि बोरिंगच्या दुकानांना आधीपासून ठाऊकही होते. ०९९ नंबरची हत्यारे विकत कोण घेणार? क्लच प्लेट मध्यावर बसवायला भंगारातल्या गिअरबॉक्सचा शाफ्ट चाले. पुली खेचायचे पुलर, फ्लायव्हील अडवायची पट्टी या वस्तू वेल्डिंगवाल्याकडून करून घेतल्या जात. जिथे पुस्तक न मानणे अंगाशी आले ती जागा टॉर्क रेंचची. हेडचे बोल्ट मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला, टप्प्याटप्प्याने आणि ठरल्या ताकदीनेच आवळावे लागतात. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्यांकडची गाडी महिन्याभरात पुन्हा पाणी टाकत येई.

मारुतीचे इंजिन गावोगाव शिकवले ते मात्र ८०० ने नव्हे, व्हॅनने. १९८४ मध्ये आलेल्या ओम्नीत तेच ७९६ सीसीचे इंजिन पुढच्या सीटखाली बसवलेले होते आणि ओढणारी चाके मागची. पारोळा, एरंडोल, शिंदखेडा, साक्री अशा गावांतून प्रवासी, शाळकरी मुले, वरात आणि रुग्ण या सगळ्यांना तिने वाहिले. ती मापापेक्षा जास्त भरून धावे, म्हणून बिघडेही जास्त, आणि तिच्यावर हात बसलेला मिस्त्री ८०० ला घाबरत नसे. पुढे गॅसवर चालवण्याचा सोस आला. मोटारीत एलपीजी वापरायला कायद्याने मुभा मिळाली ती २००० सालच्या दुरुस्तीने. त्याआधीही घरगुती सिलिंडरवर व्हॅन धावत होत्या, आणि अशी जोडणी कोणत्याही मॅन्युअलमध्ये नव्हती.

१९९३ मध्ये झेन आली, १९९८ मध्ये सँट्रो आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याच्या टाटांची इंडिका. डिझेलवर चालणारी इंडिका टॅक्सीवाल्यांनी उचलली आणि डिझेल मेकॅनिकला मोटारीच्या गॅरेजात जागा मिळाली. मारुतीने तालुक्यांच्या पातळीवर अधिकृत सर्व्हिस स्टेशने नेमली, ओरिजिनल पार्ट सहज मिळू लागले आणि घडवण्यापेक्षा बदलणे स्वस्त पडू लागले. लेथवाल्यांचे मोटारीतले काम इथून आटत गेले.

२००० साली शिसेविरहित पेट्रोल देशभर झाले, प्रदूषणाची नवी मानके लागू झाली आणि कार्बोरेटरची जागा इंजेक्शनने घेतली. जेट फुंकून साफ करणारा, स्क्रू फिरवून आयडलिंग बसवणारा कारागीर एकाएकी अडला. सुझुकीच्या सुरुवातीच्या इंजेक्शन इंजिनांत एक मधली पायरी होती. कनेक्टरच्या ठरावीक दोन टोकांना वायर जोडली की डॅशबोर्डवरचा इंजिनाचा दिवा लुकलुके, आणि लुकलुकणे मोजून बिघाडाचा कोड कळे. एक झपका, जरा थांबून दोन, म्हणजे १२: सगळे ठीक. बाकीच्या कोडांचा अर्थ मॅन्युअलमध्येच असे, म्हणून या थोड्या वर्षांत झेरॉक्सच्या गठ्ठ्याला पूर्वी कधी नव्हती इतकी मागणी आली. नंतर स्कॅनर आले. गाडीने स्वतःचे बिघाड ओळखून नोंदवून ठेवण्याची व्यवस्था २०१० नंतर नियमांचा भाग झाली आणि कोडसोबत त्याचा अर्थही पडद्यावर उमटू लागला.

स्कॅनर सेन्सरचे नाव सांगतो, पण सेन्सर बिघडला आहे की त्याच्याकडे जाणारी वायर उंदराने कुरतडली आहे, हे सांगत नाही. ते शोधायला मल्टीमीटर आणि वायरिंगचा नकाशा लागतो, आणि नवा नकाशा आता छापील मिळत नाही. तो कंपनीच्या संगणकावर, अधिकृत वर्कशॉपच्या पासवर्डमागे असतो. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्यावर काही कामे, विशेषतः नवा भाग बसवल्यावर गाडीच्या संगणकाला त्याची ओळख करून देणे, बाहेरच्या गॅरेजला जमेनाशी झाली. एका गॅरेजने महागडा स्कॅनर घ्यायचा आणि आसपासच्या सगळ्यांनी भाडे देऊन तो वापरायचा, अशी तोड निघाली आहे. नवे मेकॅनिक मोबाइलवर हिंदी-मराठी व्हिडिओ पाहून काम शिकतात. त्यात कृती दिसते, टॉर्कचा आकडा क्वचितच असतो.

मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये आणि ओम्नीचे २०१९ मध्ये थांबले. एमएच-१८ आणि एमएच-१९ पाट्यांच्या कितीतरी ८०० पंधरा वर्षांनंतर फेरनोंदणी करून अजून चालतात. त्यांचे काम जुन्या गॅरेजांकडेच येते, कारण अधिकृत वर्कशॉपमधल्या तरुण मेकॅनिकने कार्बोरेटर खोललेला नसतो. गॅस्केटचे सेट, क्लच प्लेट, टायमिंग बेल्ट अजून दुकानात मिळतात. जे मिळत नाही त्यासाठी भंगार बाजार आहे, आणि तिथेही नसेल तर लेथ.